सुभेदार रामजींची नोंद आणि आपले वाडवडील



विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघाली की तिच्यात तथागतांचं, परमपूज्य बाबासाहेबांचं, फुले-शाहूंचं, माता रमाईचं चरित्र येतं. ते यायलाच हवं. पण बाबासाहेबांना ज्यांनी घडवलं त्या सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांच्यावर आपण फार थोडं लिहितो. जयंतीच्या भाषणात त्यांचं नाव एका वाक्यात येतं आणि पुढं जातं. म्हणून यंदा आम्ही रामजीबाबांवर लिहायचं ठरवलं. त्याला दुसरंही एक कारण आहे, ते शेवटी सांगू. एवढं आधीच सांगतो की ते कारण आपल्या प्रत्येक घरातल्या जुन्या कागदांशी निगडित आहे.

रामजीबाबांचं मूळ गाव आंबडवे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं हे लहानसं गाव. घराण्याचं आडनाव सकपाळ. रामजींचे वडील मालोजी हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत शिपाई होते. ही गोष्ट साधी वाटते, पण तिच्यात फार मोठा फरक दडलेला आहे. त्या काळी गावात राहणाऱ्या महाराच्या वाट्याला काय होतं? वतन. म्हणजे गावकीची पडेल ती कामं, सरकारी अंमलदाराचं ओझं वाहणं, सांगावा पोचवणं, मेलेली ढोरं ओढणं आणि बदल्यात तुकडाभर जमीन न् बलुतं. वतनाच्या कागदावर पुष्कळदा माणसाचं नावसुद्धा नसायचं. समस्त महार एवढंच लिहिलेलं. सगळा महारवाडा मिळून एक नाव! फौजेत मात्र तसं चालत नव्हतं. तिथं प्रत्येक शिपायाचं नाव मस्टरवर चढायचं, हजेरी घ्यायची तर नावानं, पगार द्यायचा तर नावानं, पेन्शन मिळायची तीही नावानं.

आम्ही गिरणीत साच्यावर उभे राहिलेले माणसं. मस्टरवर नाव असणं म्हणजे काय हे आम्हांला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. नाव आहे तर दिवस भरला, नाव नाही तर दिवसभर घाम गाळून हात रिकामे.

आपल्या नगर-पुणे रस्त्यावरच कोरेगाव भीमा आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईची आठवण म्हणून तिथं उभारलेल्या विजयस्तंभावर पडलेल्या शिपायांची नावं कोरलेली आहेत. त्यातली बावीस नावं महारांची मानली जातात. ती ओळखायची कशी, तर नावाच्या शेवटी नाक आहे. त्या काळी आपल्या माणसाच्या नावापुढं तो शब्द लागत असे. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तिथं मानवंदनेला गेले होते. आपण आजही जातो. पण कधी विचार केला का, की आपण तिथं नेमकं काय पाहायला जातो? दगडावरची नावंच पाहायला जातो ना? ज्यांची नावं गावच्या दप्तरात कुणी लिहीत नव्हतं, त्यांची ती नावं.

मालोजींच्या पोटी रामजी जन्मले आणि तेही वडिलांच्या मागोमाग फौजेत गेले. सॅपर्स अँड मायनर्स म्हणजे रस्ते, पूल, सुरुंग यांची कामं करणारी पलटण, तिच्यात ते होते. त्याच पलटणीत धर्माजी मुरबाडकर हे सुभेदार होते, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचे. त्यांची लेक भीमाबाई हिच्याशी रामजींचं लग्न झालं. दोन्ही घराणी कबीरपंथाच्या वळणाची, नेमधर्माची, दारू-मांसापासून दूर राहणारी असं चरित्रकार सांगतात.

कंपनीच्या फौजेत एक चांगली पद्धत होती. शिपाई आणि त्यांची मुलंबाळं यांना शिकवायला पलटणीच्या शाळा असत. रामजी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कुलात अध्यापनाचं शिक्षण घेऊन पंतोजी झाले आणि पुढं जवळजवळ चौदा वर्षं पलटणीच्या शाळेचे हेडमास्तर होते. चढत चढत ते सुभेदार मेजर झाले. ज्या काळात सरकारी शाळेच्या ओट्यावर आपल्या पोराला बसू देत नव्हते, त्या काळात एक महार माणूस शाळेचा हेडमास्तर होता. हजेरीपट त्याच्या हातात होता. कोणाचं नाव कसं लिहायचं हे तो ठरवत होता. रामजींच्या पुढच्या वागण्याचा उलगडा आम्हांला इथंच झाला. नाव लिहिलं जाण्याची किंमत त्यांना ठाऊक होती.

मध्य भारतातल्या महूच्या छावणीत असताना १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला. ते रामजी-भीमाबाईंचं चौदावं अपत्य. बळराम, आनंदराव, भीमराव हे तीन मुलगे आणि मंजुळा, तुळसा या मुली, ही नावं आपल्याला माहीत आहेत. पण चौदा म्हटल्यावर बाकीच्यांचं काय? बरीच मुलं लहानपणीच गेली. त्यांची नावं आज कुणी घेत नाही. चौदा बाळंतपणं सोसलेल्या त्या माउलीनं मात्र प्रत्येकाला काही ना काही नाव ठेवलंच असेल.

रामजी नोकरीत होते त्याच सुमारास एक घाव बसला. १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारनं महारांची फौजेतली भरती बंद केली. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती अशी वाटणी करून आपल्याला बाहेर काढलं. ज्यांच्या बापजाद्यांनी कंपनीला राज्य मिळवून द्यायला रक्त सांडलं त्यांनाच दार बंद. एक नोकरी गेली एवढाच याचा अर्थ नव्हता. शाळा गेली, पेन्शन गेली, गावकीतून सुटायची वाट गेली. मस्टरवर नवीन नाव चढायचं थांबलं. तेव्हा रामजी गप्प बसले नाहीत. भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून सरकारकडे करायच्या अर्जाच्या कामी त्यांनी न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतल्याचं चरित्रकारांनी नोंदवलं आहे. पेन्शनर सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनीही त्याच काळात अर्ज-विनंत्यांची चळवळ चालवली. पुढं १९१० साली पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी हाच प्रश्न लावून धरला. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, महारांची पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली आणि शेवटी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. दार उघडायला पन्नास वर्षं लागली. ते पाहायला रामजी नव्हते.

१८९४ च्या सुमारास रामजी निवृत्त झाले. महिना पन्नास रुपये पेन्शन. काही काळ कोकणात दापोलीला राहून ते सातारला आले आणि लष्करी बांधकाम खात्यात स्टोअरकीपरची नोकरी धरली. सातारलाच १८९६ साली भीमाबाई वारल्या. भीमराव तेव्हा पाच वर्षांचे. घर सांभाळलं रामजींच्या बहिणीनं, मीराआत्यानं. ती पाठीनं कुबडी होती, पण त्या पोरक्या पोरांना तिनं मायेनं वाढवलं. रामजींनी पुढं दुसरं लग्न केलं, ते लहानग्या भीमाला रुचलं नाही, हेही चरित्रांत आहे. मोठ्या माणसाच्या घरातही आपल्यासारखीच सुखदुःखं असतात.

सातारचीच एक गोष्ट आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. रामजी तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला होते. दुष्काळी कामावर सरकार तलाव खोदत होतं, तिथं ते खजिनदार होते. १९०१ च्या उन्हाळ्यात पोरांना त्यांनी भेटीला बोलावलं. पोरांनी येण्याचा दिवस पत्रानं कळवला, पण नोकराच्या निष्काळजीपणामुळे ते पत्र रामजींच्या हाती पडलंच नाही. मसूर स्टेशनवर न्यायला कुणी आलं नाही. जात कळताच स्टेशनमास्तर दूर झाला, गाडीवान बसवून घेईना. दुप्पट भाडं घेऊन त्यानं पोरांनाच गाडी हाकायला लावली न् आपण बाजूनं चालला. रात्रभर पोरं तहानेनं तळमळली, पाणी कुणी दिलं नाही. बाबासाहेबांनी हा प्रसंग पुढं स्वतः लिहून ठेवला म्हणून तो आपल्याला कळला. अशी रात्र आपल्याही आज्या-पणज्यांनी काढली असेल, पण लिहून कोण ठेवणार?

आता मुद्द्याची नोंद. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या छत्रपती प्रतापसिंह महाराज हायस्कुलात, इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचं नाव दाखल झालं. रजिस्टरला क्रमांक १९१४. नाव भिवा रामजी आंबेडकर. हे रजिस्टर शाळेनं जपून ठेवलं आहे आणि २०१७ पासून राज्य सरकारनं ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस ठरवला आहे.

ही ओळ वाचताना आपण थांबायला पाहिजे. आपण लहानपणापासून ऐकत आलो की आंबडवेकर हे आडनाव बदलून आंबेडकर हे नाव त्याच शाळेतल्या एका प्रेमळ ब्राह्मण मास्तरांनी आपलं म्हणून दिलं. चरित्रांतही तसं आहे. त्या मास्तरांचा बाबासाहेबांवर जीव होता, दुपारच्या सुट्टीत ते आपल्यातली भाजी-भाकरी त्यांना द्यायचे आणि बाबासाहेबांनीही त्यांचा मान अखेरपर्यंत राखला, यात वाद नाही. पण दाखल केलं त्याच दिवशीच्या नोंदीत आंबेडकर असं असेल तर मग ते आडनाव मास्तरांचा लळा लागण्याच्या आधीचं ठरतं. आमच्या समजुतीप्रमाणे कोकणी रीतीनं गावावरून आडनाव लावून रामजीबाबांनीच ते दिलं. कुणाच्या मनाला लागावं म्हणून आम्ही हे लिहीत नाही. सांगायचं इतकंच की ऐकीव गोष्ट एक सांगते आणि जुनी वही कधी कधी दुसरं सांगते. दोन्ही ऐकाव्यात आणि वही उघडून पाहावी. कालामांना तथागतांनी हेच शिकवलं. केवळ परंपरेनं चालत आलं म्हणून मानू नका, पारखून घ्या.

पुढं रामजी मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईला आले. लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत सगळा संसार. पोरानं पुस्तक मागितलं आणि गाठीला पैसा नसला की रामजी लग्न झालेल्या लेकींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणत, तो गहाण टाकत न् पुस्तक घेऊन येत. पेन्शन आली की सोडवून देत. पहाटे दोन वाजता स्वतः जागे राहून ते पोराला अभ्यासाला उठवत. या बहिणींचं नाव कुठल्या सभेत घेत नाहीत. पण बाबासाहेबांच्या पुस्तकांत त्यांच्या अंगावरचं सोनं आहे.

भीमराव परीक्षा पास झाले तेव्हा लोकांना सत्कार करायचा होता. रामजींनी आधी नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल असं त्यांना वाटलं. त्यांचे स्नेही दादा केळुसकर मधे पडले, तेव्हा सत्कार झाला आणि त्यात केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र भीमरावांना भेट दिलं. आज आपण ज्या विहारात बसतो, त्याची पहिली वीट त्या दिवशी बसली असं आम्ही मानतो. रामजी स्वतः कबीरपंथी, रामायण-महाभारत घरात वाचून घेणारे. तरी पोरानं उलट प्रश्न विचारले तर ते ऐकून घेत. अशा बापाच्या घरात पोरगं विचार करायला शिकतं.

बी. ए. झाल्यावर भीमराव जानेवारी १९१३ मध्ये बडोद्याला नोकरीत रुजू झाले. थोड्याच दिवसांत तार आली, वडील फार आजारी. निघाले, वाटेत सुरतेला वडिलांसाठी बर्फी घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा रामजींचे डोळे त्यांची वाट पाहत होते. लेकाच्या पाठीवरून हात फिरला आणि प्राण गेला. तारीख २ फेब्रुवारी १९१३. त्याच वर्षी भीमराव अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ लंडनला निघाला तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला, त्यांनी शिक्षणासाठी सोसलं त्याची कृतज्ञता म्हणून. शिपायाच्या मस्टरपासून निघालेलं नाव असं लंडनमध्ये छापलेल्या ग्रंथापर्यंत गेलं.

आता ते दुसरं कारण. आपल्या विहाराच्या घरांपैकी बहुतेक नगर जिल्ह्यातली, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यातली. कुणी नेवाशाकडचं, कुणी शेवगाव-पाथर्डीचं, कुणी राहुरी-श्रीरामपूरचं. आपले वाडवडील फौजेत कमी, वतनात जास्त. त्या वतनाच्या जाचाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली कायदेमंडळात बिल मांडलं आणि १६ डिसेंबर १९३९ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या हरेगावला वतनदारांची मोठी परिषद घेतली. १९५८ च्या कायद्यानं ते वतन गेलं. चांगलं झालं, ती बेडीच होती. पण त्या बेडीवर आपल्या माणसांचे नंबर आहेत, हे विसरू नका.

आमच्या घरची गोष्ट सांगतो. आमच्या आज्याकडं एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात कागद होते. नागपूरच्या दीक्षेनंतर आमच्या गावानं धम्म घेतला, घरातले देव प्रवरेत सोडले. त्यात त्या पेटीतले कागदही गेले. का, तर त्यावर महार लिहिलेलं. आता आपण बौद्ध झालो, तो शब्द घरात नको. आज्याची भावना खोटी नव्हती. आम्हीही त्याच्या जागी तेच केलं असतं. पण पुढं आमच्या पोराला जातीचा दाखला काढायची वेळ आली. १९९० च्या दुरुस्तीनं बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रात मिळाल्या, पण दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. पुरावा प्रवरेत गेलेला. दोन वर्षं हेलपाटे घातले, पोराची एक जागा हातची गेली.

शेवटी गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात वडिलांचं नाव सापडलं. तसंच तहसीलच्या रेकॉर्डरूममध्ये कोतवाल बुकाची, म्हणजे जन्ममृत्यूच्या गाव नमुना चौदाची जुनी पानं पाहिली. मोडी वाचणारे एक गृहस्थ शेजारी बसले होते, त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवलं. आज्याचं नाव, वलद पणज्याचं नाव, जात महार, मुलगी जन्मली. आणि चार पानं पुढं तीच मुलगी मेल्याची नोंद. आम्हांला एक आत्या होती हे आम्हांला त्या दिवशी कळलं. आमच्या वडिलांनाही ठाऊक नव्हतं. घरी येऊन आम्ही त्यांना सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी तिचं नाव विचारलं. वहीत नाव नव्हतं, नुसतं मुलगी एवढंच लिहिलं होतं. तेव्हाच आम्हांला रामजी-भीमाबाईंची ती गेलेली मुलं आठवली.

म्हणून आमची हात जोडून विनंती आहे. घरात जुना दाखला, पेन्शनीचा कागद, वतनाचा फेरफार, सातबारा, मोडीतला चिटोरा काही असेल तर टाकू नका. त्याची नक्कल काढा, दोन घरांत ठेवा. नसेल तर शोधा. आधी आजोबा ज्या शाळेत गेले तिथलं रजिस्टर. मग तहसीलला कोतवाल बुक. मग वतनी जमिनीचे कागद, त्यात इनाम वर्ग सहा ब असा शेरा शोधा. कुणी फौजेत असेल तर डिस्चार्जचा कागद. घराण्यातली एखादी शाखा ख्रिस्ती झालेली असेल तर तिच्याकडंही चौकशी करा. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून आहे आणि चर्चच्या वह्यांत बाप्तिस्म्याच्या नोंदी असतात. शोधताना आजचं आडनाव सापडेल अशी आशा धरू नका, आडनावाच्या जागी पुष्कळदा महार एवढंच असतं. वलद किंवा बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको, हे ध्यानात ठेवा. जन्मतारखा अंदाजानं लिहिलेल्या असतात, त्यावरून भांडू नका.

आणि तो शब्द दिसला तर लाजू नका. लिहिणाऱ्यानं तो हिणवायला लिहिला असेल, पण आज तो आपला साक्षीदार आहे. आपण कुठून निघालो हे त्याच्याशिवाय सांगता येणार नाही. धम्म घेतला म्हणजे वाडवडिलांना टाकलं असं नाही. ज्यांनी वहीत नाव नसताना आपल्याला जगवलं त्यांची आठवण ठेवणं हाही धम्मच आहे.

सुभेदार रामजींनी लेकाचं नाव सातारच्या रजिस्टरात घातलं तेव्हा त्यांना पुढचं काही ठाऊक नव्हतं. एका बापानं आपलं काम केलं, इतकंच. आपणही येत्या वर्षात प्रत्येक घरानं आपल्या पाच पिढ्यांची नावं, मुलींसकट, एका वहीत लिहून काढावीत आणि ती वही विहारात ठेवावी. आमच्या घरची वही आम्ही सुरू केली आहे. तिच्यात त्या आत्याची ओळ आहे. नावाची जागा मोकळी आहे, पण ओळ आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.